आधी वरची रेघ

५ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहिते ही, असं म्हणाल. एक तर जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. चौकशीच्या टेबलावर बसून लोकांना नंबर सांगायचे, दिवसभर तेच. आता फोन कानाला लावायचा म्हटलं तरी कंटाळा येतो. आणि दुसरं म्हणजे आमचं घर केवढंसं. या खोलीत बोललेलं त्या खोलीत ऐकू जातं. ह्यांच्याबद्दल ह्यांच्या कानावर पडेल असं, जणू ते घरात नाहीतच अशा थाटात बोलणं मला जमत नाही. डॉक्टरीणबाईंना जमतं. त्या पलंगाशेजारी उभ्या राहून मला सांगतात, "यांच्या कानावर शब्द पडतात, पण अर्थ लागत नाही. तुम्ही फार आशा धरू नका." मी मान हलवते आणि त्यांना चहा विचारते.

तब्येत आहे तशी आहे. झटका आला तेव्हा गेलेली उजवी बाजू अजून गेलेलीच आहे. बोलणंही नाही. डावा हात चांगला चालतो. पाण्याचा पेला धरतात, पांघरूण ओढून घेतात, नको असेल तर माझा हात बाजूला सारतात. यात तरी जुना माणूस दिसतो.

काम असं आहे. ह्यांची गिटारची आणि संगीताची चार मासिकं येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चारींची वर्गणी मार्चमध्ये संपते. सगळी चालू ठेवणं आता झेपणार नाही. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. कोणतं वाचण्यासारखं आणि कोणतं नुसतंच चकचकीत, हे मला कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं ते भिंतीकडे बघत असतात. मला ती त्यांना वाचून दाखवायची आहेत. डॉक्टरीणबाई काहीही म्हणोत, दिवसभर माणसाशी बोलायचं तरी काय? भाजी निवडता निवडता शेजारणीच्या कागाळ्या सांगून झाल्या, आता त्याही संपल्या.

आणि ह्यांची गिटार तुमच्याकडे दुरुस्तीला आहे, ती झाली का?

तुमची,
वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. गिटार दुरुस्त करणाऱ्या माणसाला मासिकांबद्दल मत विचारलंत, म्हणजे आता तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार.

ते जे सगळ्यात जाड आणि गुळगुळीत आहे ना, त्याला दादाने ‘दुकानदार’ नाव ठेवलं होतं. त्यात वाचायला काही नसतं. ही गिटार घ्या, तो अ‍ॅम्प्लिफायर घ्या, नाही घेतलात तर तुमचं वाजवणं फुकट. परीक्षणातही सगळ्यालाच पाचपैकी साडेचार. मी आयुष्यभर ज्या गिटारींचे सांधे चिकटवत आलो, त्यांना त्यांनी साडेचार दिले होते. बंद करा.

मुलाखतींचं जे आहे ते ‘गप्पिष्ट’. ते चांगलं. त्यातली माणसं आपण कुठे चुकलो ते सांगतात, कोणत्या कार्यक्रमात तार तुटली, कोणाशी का फाटलं. तुम्हाला वाचायलाही सोपं जाईल. ते ठेवाच.

पातळ, खरखरीत कागदाचं ते ‘मास्तर’. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, नुसते धडे आणि त्याखाली आकडे. दादाचा जीव त्या मासिकावर. अंक आला की आधी त्यातला धडा वाजवून बघायचा आणि मगच जेवायचा, तुम्ही किती चिडायचात. ते बंद केलंत तर दादा मला माफ करणार नाही. पण ते वाचून दाखवण्यातलं नाही, धडे कोणी मोठ्याने वाचत नाही. नुसतं हातात द्या, बघत बसेल.

चौथं ‘बालवाडी’. दादा ते फक्त शिकायला येणाऱ्या पोरांसाठी घ्यायचा. दर अंकात तेच, गिटार कशी धरावी, नखं कापावीत, वगैरे. डोळे झाकून बंद करा.

गिटारचं म्हणाल तर सांधा अजून नीट धरत नाहीये. घाई करून चालत नाही यात. झाली की घेऊन येतोच.

आणि तुमच्या एक्स्चेंजबद्दल लिहिलंत म्हणून आठवलं. तारांच्या दुकानाचा नंबर विचारायला दादाने चौकशीला फोन लावला, नंबर मिळाला, लिहून घेतला, आणि तरी परत लावला. मग पुन्हा. मी शेजारी उभा होतो. म्हटलं, "अरे, लिहिलायस की!" तर म्हणाला, "गप रे चिमट्या, ती नंबर कसा सांगते ऐक." तेव्हापासून आमच्या घरात तुमचं नाव चौकशीबाई. लग्नानंतर कळलं तुम्हाला, आणि दोन दिवस बोलत नव्हतात.

तुमचा,
चिमटा


२० मार्च

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुम्ही सांगितलंत तसं केलं. ‘दुकानदार’ आणि ‘बालवाडी’ बंद, बाकीची दोन चालू.

‘गप्पिष्ट’ वाचून दाखवलं. एक मुलाखत पूर्ण वाचली, मला तर हसूही आलं. ह्यांचं लक्ष नव्हतं. दुसरी वाचली, तर डोळे मिटून घेतले. ‘मास्तर’ हातात दिलं, तर पान धरलं आणि मग ते हळूच पांघरुणावर पडू दिलं. तेव्हा वाटलं, डॉक्टरीणबाई म्हणतात तेच खरं असावं. फार वाईट वाटलं, भाऊजी. घरात कोणी नसल्यासारखं वाटलं.

मग परवा दुपारी काय झालं ते सांगायलाच हे पत्र. मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं. म्हटलं, वाचायचंच ना, मग हे घ्या, आणि ‘मास्तर’मधला धडा उचलून मोठ्याने वाचायला लागले. त्यात शब्द कुठले, सहा रेघा आणि रेघांवर आकडे. मी ते आकडेच वाचले. एक्स्चेंजमध्ये वाचायची त्याच आवाजात, तसेच ठासून, दोन आकड्यांत तेवढंच थांबून. शून्य. तीन. शून्य. दोन. वरची रेघ संपली की तिच्या खालची, मग तिच्याही खालची.

ह्यांनी डोळे उघडले. आणि डाव्या हाताची बोटं पांघरुणावर हलायला लागली. उगाच थरथरणं नव्हे ते, मी चांगली ओळखते ती बोटं. दाबायची, उचलायची, पुन्हा दाबायची. मी थांबले की बोटंही थांबायची. सहाही रेघा संपेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आवाज ऐकला की होते अशी हालचाल, त्याला समजणं म्हणत नाहीत. चांगल्या आहेत त्या, पण मला पटलं नाही. ह्यांना कळतंय. आणि ते दाखवायला माझ्याकडे त्या बोटांखेरीज दुसरं काही नाही. तुम्हाला यातलं समजतं. मी वाचलेले आकडे खाली उतरवून देते आहे, जसे वाचले तसेच, रेघेपाठोपाठ रेघ. तुम्ही बघा आणि मला सांगा, त्यांना कळतंय ना?

रोज दुपारी आता हेच चाललं आहे. शेजारीण दारातून डोकावून गेली. तिला वाटलं मी लॉटरीचे नंबर वाचते.

तुमची,
वहिनी


११ एप्रिल

प्रिय वहिनी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. कामाची गर्दी होती असं लिहिणार होतो, पण तसं काही नाही. तुमचं पत्र बाकावर ठेवून बसलो होतो.

तुम्ही उतरवलेले आकडे बघितले. त्याबद्दल एक बोलायचं आहे, पण ते पत्रात नीट सांगता यायचं नाही, समोर बसूनच दाखवावं लागेल. येईन तेव्हा बोलू. घाई नाही. तोवर तुम्ही वाचता तसंच वाचा. अगदी तसंच, काहीही बदलू नका.

दादाला कळतंय. मी सांगतो. त्या बाईंना मेंदूतलं कळत असेल, दादातलं नाही कळत.

माझ्याकडे ‘मास्तर’चे जुने अंक पडून होते, ते वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे. खूप धावणारे धडे घेऊ नका, त्यात आकडे दाटीवाटीने असतात, तुमचा घसा बसेल. पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने खूण केली आहे, ते संथ आहेत.

यायचं जमवतोच. गिटारचं काम अजून राहिलं आहे.

तुमचा,
चिमटा


२ जून

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. मधे ह्यांना ताप आला होता. छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आलो आहोत. काळजी करण्यासारखं काही नाही. जेवण थोडं कमी झालं आहे, पण उन्हाळ्यात होतंच तसं.

तुम्ही पाठवलेले अंक फार उपयोगी पडले. दवाखान्यातही मी वाचत होते, हळू आवाजात. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "बाई, कसले नंबर?" म्हटलं, "गाणं आहे." त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "चाल जरा अवघड दिसते." पुष्कळ दिवसांनी मी मोकळी हसले.

बोटं आता हळू चालतात. कधी दोन रेघा झाल्या की थकतात. पण चालतात.

‘बालवाडी’ बंद केलं तरी त्याचा एक अंक आलाच, त्यांचा हिशेब चुकला असेल. बसल्या बसल्या चाळला.

भाऊजी, गिटार घेऊन या. झाली नसेल तरी आणा. सांधा निघालेला असला तरी चालेल. वाजवायची नाहीच आहे, नुसती त्या डाव्या हाताखाली ठेवायची आहे. पांघरुणावर बोटं दाबताना बघवत नाही. लवकर या.

तुमची,
वहिनी


१४ जून

प्रिय वहिनी,

नमस्कार. एकवीस तारखेच्या गाडीने येतो आहे, गिटार घेऊन.

तुम्हाला खरं सांगतो. गिटार जानेवारीतच झाली. सांधा पहिल्याच दमात धरला, इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच होतं. तारासुद्धा चढवून ठेवल्या आहेत. ती समोरच्या खुंटीवर टांगलेली असते आणि मी तिच्याकडे पाठ करून काम करतो. दादा ज्या हाताने तारा छेडायचा तो हात निजलेला, आणि मी त्याच्यापुढे गिटार नेऊन ठेवायची, हे माझ्याच्याने होईना. त्याला काय वाटेल याचं भय होतं. आता वाटतं, मला काय वाटेल याचंच जास्त होतं.

एवढा आठवडा कळ काढा. त्याला सांगून ठेवा, चिमट्या येतोय म्हणून. आणि ते आकड्यांचं बोलायचं राहिलं आहे, तेही बोलू.

तुमचा,
चिमटा


१९ जुलै

प्रिय भाऊजी,

तुम्ही आलात तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तुम्ही एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. मधे सगळे नातेवाईक, आणि प्रत्येकाला शेवट कसा झाला ते माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं. तुमच्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. निरोप मिळाल्याबरोबर तुम्ही तसेच निघालात, रिकाम्या हातांनी, हे मी पाहिलं. गिटार आणली नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, तेही पाहिलं. तसं करू नका. ह्यांनी चार दिवस थांबायला हवं होतं. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. येतोय म्हटल्यावर डावा हात उचलून दाराकडे केला होता.

आता सगळे गेले. दुपारी घर गप्प असतं. तेव्हा सांगते, कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तो ‘बालवाडी’चा अंक मी नुसता चाळला नव्हता, भाऊजी. त्यात नखं कशी कापावीत याच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं, आकडे कसे वाचायचे ते. सहा रेघा म्हणजे सहा तारा, आणि आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या पट्टीत बोट दाबायचं ते. सहाही रेघा एकदमच डावीकडून उजवीकडे वाचत जायचं, आणि एकाखाली एक आलेले आकडे एकाच वेळी वाजवायचे. एकेक रेघ शेवटापर्यंत संपवायची नसते. हे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात म्हणे.

म्हणजे इतके महिने मी जे वाचत होते ते गाणं नव्हतंच. नुसते आकडे होते. मग बोटं कशावर हलत होती? बाईंचंच खरं होतं का? आवाज ऐकून आपोआप होणारी हालचाल? मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. माणूस गेल्यावर रडले नाही इतकी तेव्हा रडले.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकी पद्धतीने वाचायला बसले. वरून खाली, वरून खाली. अडखळत होते, पण बरोबर होतं. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी वाचत राहिले. तेव्हा डावा हात उचलून त्यांनी पानावर ठेवला, माझं वाचणं थांबवलं, आणि पहिलं बोट वरच्या रेघेच्या सुरुवातीला नेलं. तिथून ते बोट सरळ उजवीकडे ओढत नेलं, रेघ संपेपर्यंत. मग दुसऱ्या रेघेच्या सुरुवातीला आणलं आणि माझ्याकडे बघितलं. आणि हसले. अर्धंच तोंड हसायचं त्यांचं, पण हसले. मला चौकशीबाई म्हणून चिडवायचे ना, तेव्हा असंच हसायचे.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, भाऊजी. मी चुकीचं वाचते हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना तेच हवं होतं. गाणं नको होतं त्यांना. ते फोन लावून बसले होते.

डॉक्टरीणबाईंना नाही सांगितलं. त्यांनी त्यालाही काहीतरी नाव दिलं असतं.

शेवटच्या दुपारी मी तुम्ही खूण केलेला एक धडा वाचत होते. तिसऱ्या रेघेच्या मध्यावर बोटं थांबली. मला कळलं. तरी ती रेघ मी संपवली. उरलेल्या तीनही वाचल्या, त्याच आवाजात. मग शेजारणीला हाक मारली.

तुम्हालाही मार्चपासून माहीत होतं, हो ना? मी आकडे उतरवून पाठवले होते, तेव्हाच तुमच्या लक्षात आलं असणार. आणि तुम्ही लिहिलंत, वाचता तसंच वाचा. दोघे भाऊ सारखेच. एकाला बोलता येत नव्हतं म्हणून बोलला नाही, दुसरा बोलता येत असून.

त्या धड्याचं पान सोबत पाठवते आहे. मी इतके आकडे वाचले, पण त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही. हे कसं वाजतं ते मला लिहून कळवा.

‘मास्तर’ आणि ‘गप्पिष्ट’चे अंक अजून येतात, ह्यांच्या नावाने. पाकीट फोडवत नाही. कोणतं चालू ठेवू, कोणतं बंद करू, हे पुन्हा तुम्हालाच विचारते.

तुमची,
वहिनी


३० जुलै

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र दुकानात मिळालं. दार लोटून घेतलं, खुंटीवरून दादाची गिटार काढली आणि ते पान बाकावर पसरलं.

आधी जसं वाजवायचं असतं तसं वाजवलं. छोटीशी चाल आहे, संथ, पाळणा हलवल्यासारखी. शिकायला येणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी देतात. गोड आहे, पण तशा खूप आहेत.

मग तुम्ही वाचलीत तशी वाजवली. सगळ्यात वरची तार एकटी, शेवटपर्यंत. मग दुसरी एकटी. त्यात चाल अशी लागत नाही. दोन सूर वाजतात आणि मग नुसतीच वाट बघायची, कारण तिथे बोलायचं ते दुसऱ्या तारांनी. मला वाटतं, दादा त्या मोकळ्या जागा आतल्या आत भरत असणार. ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलं त्याचं, आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं मनात वाजवत बसायची सवय होती. किंवा काहीच भरत नसेल. नुसता तुमचा आवाज ऐकत असेल. तुम्ही म्हणता तेच खरं असेल.

तिसऱ्या रेघेच्या मध्यावर आलो आणि माझा हात थांबला. पुढे जाताच येईना. तुम्ही ती कशी संपवलीत, वहिनी? मी बाकावर डोकं ठेवून रडलो. गिऱ्हाईक दार वाजवून गेलं.

हो, मला मार्चपासून माहीत होतं. चूक सांगितली तर तुमचा आधार जाईल असं वाटलं. तुम्ही माझ्यापेक्षा खंबीर निघालात, आणि दादा आपल्या दोघांपेक्षा शहाणा.

मासिकांचं असं करा. दादाच्या नावाची दोन्ही बंद करा, पाकिटं फोडू नका, मी येऊन फोडीन. ‘बालवाडी’ला मी तुमच्या नावाने वर्गणी पाठवली आहे. त्या मासिकाबद्दल माझं मत चुकलं होतं. चारांतलं वाचण्यासारखं तेवढं एकच निघालं.

येत्या रविवारी येतो. या वेळी गिटार आधी गाडीत ठेवीन, मग मी चढेन. ते पानही आणतो आहे. पद्धतशीर वाजवणं नंतर कधीतरी शिकवेन. त्या दिवशी तुम्ही आकडे सांगा, मी वाजवतो, तिसरी रेघसुद्धा. तुमच्या पद्धतीने. आधी वरची रेघ.

तुमचा,
चिमटा